पालेर्मोचे जुने शहर पायी पाहताना मुक्काम कुठे करावा आणि क्रम कसा लावावा?

दीर्घिका यांचा प्रश्न

नमस्कार. येत्या ऑक्टोबरमध्ये माझे यजमान आणि मी सिसिलीतील पालेर्मो येथे आठवडाभर मुक्कामाला जात आहोत. तेवढ्यात संपूर्ण बेट पालथे घालण्याचा आमचा विचार नाही. एकाच शहरात राहून तिथले जुने मोहल्ले, इमारती आणि लोकांचा रोजचा वावर सावकाश पाहावा, एवढाच हेतू आहे. यजमानांना स्थापत्यात रस आहे आणि मला बाजार, सण व चालीरीतींमध्ये. आम्ही दोघेही शाकाहारी आहोत. चालण्याचा कंटाळा नाही, मात्र यजमानांचे गुडघे जिने आणि चढण यांबाबत कुरकुर करतात.

तयारी म्हणून बरेच वाचले, पण त्याने गोंधळ कमी होण्याऐवजी वाढलाच. जिथे पाहावे तिथे राजवाडा, कॅथेड्रल, शहरालगतचे मोनरेआले गाव, कॅपुचिन मठाचे तळघर, ऑपेरागृह अशी एकाखाली एक नावे दिलेली आहेत. परंतु बाराव्या शतकातल्या चर्चला सतराव्या शतकातली दर्शनी भिंत कशी लागली, भव्य वाड्याला खेटून असलेली जागा ओसाड का पडली आहे, एका गल्लीत भाजीबाजार आणि पुढच्याच गल्लीत शुकशुकाट का, यांचा उलगडा त्यातून होत नाही. जाणकारांना विचारायचे ते असे की, मुक्कामासाठी जुन्या शहराचा कोणता भाग निवडावा, आणि मोहल्ले व इमारती कोणत्या क्रमाने पाहिल्या म्हणजे त्यांचा परस्परसंबंध लक्षात येईल? ‘अरब-नॉर्मन’ हा शब्द सर्वत्र वाचनात येतो. त्या शैलीत नेमके काय पाहायचे असते, हेही कुणी सांगितले तर उपकार होतील. शाकाहारी माणसाची तिथे आबाळ होते का, हा प्रश्न शेवटी विचारत असले तरी तो कमी महत्त्वाचा नाही.

पायवाट यांचा प्रतिसाद

दीर्घिकाताई, संपूर्ण बेटाचा मोह टाळलात हे फार चांगले केलेत. नोकरीनिमित्त मी त्या शहरात बराच काळ राहिलो आहे. आधी शहराची ठेवण समजून घेतली तर पुढचा क्रम आपोआप लागतो, असे माझे मत आहे.

फिनिशियनांनी इसवी सनापूर्वी आठव्या शतकाच्या सुमारास वसवलेली मूळ वस्ती पापिरेतो आणि केमोनिया या दोन लहान नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या उंचवट्यावर होती आणि ती समुद्राकडे उतरत गेली होती. त्या नद्या आता जमिनीखाली बुजल्या आहेत. तरीही मुख्य रस्ता सोडून बाजूच्या गल्लीत वळले की काही ठिकाणी पायाखाली हलका उतार जाणवतो. तो त्या जुन्या पात्रांचा. उंचवट्याच्या माथ्यावरून राजवाड्यापासून बंदरापर्यंत सरळ जाणारा रस्ता म्हणजे कास्सारो. पाटीवर तुम्हाला ‘व्हिया व्हित्तोरिओ एमानुएले’ असे लिहिलेले दिसेल, पण लोकांच्या तोंडी जुने नाव अजून आहे. इ. स. १६०० च्या सुमारास माक्वेदाचा ड्यूक हा स्पॅनिश व्हाइसरॉय असताना दाट वस्तीतून कास्सारोला काटकोनात छेदणारा दुसरा सरळ रस्ता काढण्यात आला, आणि या दोन रस्त्यांनी जुन्या शहराचे चार भाग पाडले. दोन्ही रस्ते जिथे मिळतात तो क्वात्रो कान्ती चौक १६०८ ते १६२० या काळात उभा राहिला. तिथे चारही कोपऱ्यांवरच्या इमारतींच्या भिंती आत वळवून चौक गोलाकार केला आहे. प्रत्येक भिंतीवर तळाशी एका ऋतूचे कारंजे, त्यावर एक स्पॅनिश राजा आणि सर्वांत वर त्या भागाची रक्षणकर्ती संत स्त्री अशी चढती मांडणी आहे. राजापेक्षा संत वर, हा हिशेब व्हाइसरॉयलाही मान्य करावा लागलेला दिसतो.

राजवाड्याकडे पाठ आणि समुद्राकडे तोंड करून उभे राहिलात, तर उजव्या हाताला अलीकडे आल्बर्गेरिया व पलीकडे कालसा, आणि डाव्या हाताला अलीकडे कापो व पलीकडे लोज्जा असे चार भाग येतात. बाल्लारो बाजार आल्बर्गेरियात, वुच्चिरिया लोज्जात, तर तिसरा मोठा बाजार कापोतच भरतो. एवढे मनात पक्के केले की नकाशा खिशात ठेवूनही फिरता येते.

मुक्कामासाठी मी कालसा सुचवीन, विशेषतः पियात्सा मारीना या चौकाच्या आसपासचा भाग. तो बहुतांशी सपाट आहे, समुद्र जवळ आहे आणि तिथून क्वात्रो कान्ती चालत जाण्याच्या अंतरावर आहे. वुच्चिरियात खोली स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. दिवसाचा बाजार तिथे आता फारच आक्रसला असून रात्री मात्र उघड्यावर मद्य आणि कर्कश संगीत यांचा धुमाकूळ पहाटेपर्यंत चालतो. जुन्या वाड्यांतील खोल्या आरक्षित करताना लिफ्ट आहे का, हे स्पष्ट विचारावे. त्या वाड्यांच्या मजल्यांची उंची इतकी असते की, ‘दुसरा मजला’ म्हटल्यावर यजमानांच्या गुडघ्यांना प्रत्यक्षात चार मजल्यांएवढ्या पायऱ्या चढाव्या लागतील.

ओसाड जागांबद्दल तुम्ही विचारले आहे. त्याचे उत्तर कालसातच मिळते. दुसऱ्या महायुद्धात, विशेषतः ९ मे १९४३ रोजी, दोस्त राष्ट्रांनी केलेल्या बॉम्बफेकीत बंदरालगतची वस्ती उद्ध्वस्त झाली. युद्धानंतर शहराचा पैसा आणि शहराची माणसे उत्तरेकडच्या नव्या वसाहतींकडे गेली आणि जुन्या शहराची डागडुजी अनेक दशके रखडली. पियात्सा माज्योने नावाचे मोठे गवताळ मैदान तुम्हाला दिसेल. ते उद्यान म्हणून आखलेले नाही, तिथली घरे पडली आणि पुन्हा बांधली गेली नाहीत. जवळच सांता मारिया देल्लो स्पाझिमो हे सोळाव्या शतकातले बिनछपराचे चर्च आहे. राफाएलने त्यासाठी रंगवलेले चित्र आज माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. खुद्द चर्चच्या मधल्या दालनात झाडे वाढली आहेत आणि अधूनमधून तिथे संगीताचे कार्यक्रम होतात. दुरुस्तीसाठी ते मधूनमधून बंद असते, म्हणून आधी चौकशी करून जावे.

कालसात दोन इमारतींना मात्र भरपूर वेळ द्या. पहिली पालात्सो आबातेल्लिस. युद्धात मोडलेल्या या पंधराव्या शतकातल्या वाड्याचे कार्लो स्कार्पा या वास्तुविशारदाने १९५४ मध्ये कलासंग्रहालय केले. प्रत्येक शिल्पाला कोणता उजेड, किती मोकळी जागा आणि मागे कोणता रंग हवा, याचा विचार त्याने एकेका वस्तूसाठी स्वतंत्रपणे केला. आरागोनच्या एलेओनोराच्या संगमरवरी अर्धपुतळ्यामागचा हिरवा फलक पाहा. तो काढला तर चेहऱ्याचा अर्धा मऊपणा नाहीसा होईल. ‘मृत्यूचा विजय’ हे भव्य भित्तिचित्र खालून पाहिल्यावर वरच्या मजल्यावरूनही अवश्य पाहावे. तशी सोय मुद्दाम ठेवली आहे.

दुसरी इमारत म्हणजे पालात्सो स्तेरी. कियारामोंते घराण्याचा हा चौदाव्या शतकातला वाडा पुढे इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्मचौकशीच्या न्यायपीठाचे मुख्यालय झाला आणि १७८२ मध्ये ते न्यायपीठ रद्द होईपर्यंत तसाच राहिला. कैद्यांनी विटेची पूड आणि काजळी यांसारख्या हाती लागेल त्या गोष्टींचे रंग करून कोठड्यांच्या भिंती संतांच्या आकृती, नकाशे, प्रार्थना आणि कवितांनी भरून टाकल्या. १९०६ मध्ये जुझेप्पे पित्रे या लोकसाहित्याच्या अभ्यासकाने चुन्याच्या थरांखालून ही चित्रे उजेडात आणली. कोठडीत मार्गदर्शकासोबतच जाता येते. एका भिंतीवर सिसिलीचा नकाशा आहे. बंदिस्त माणसाने संपूर्ण बेट आठवून आठवून काढलेले आहे.

वेळेबाबत एक सूचना. बहुतेक चर्चे सकाळी उघडतात, दुपारी एकच्या सुमारास बंद होतात आणि काही पुन्हा चारनंतर उघडतात. दुपारी संग्रहालय किंवा विश्रांती, आणि सायंकाळी माक्वेदा रस्त्यावर फेरफटका, असे ठरवलेत तर बंद दारांपुढे तिष्ठत राहण्याची वेळ येणार नाही. गर्दीत पिशवी रस्त्याकडच्या खांद्यावर अडकवू नये, कारण दुचाकीवरून हिसका मारण्याचे प्रकार घडतात. एरवी तो भाग भीती वाटावी असा नाही.

ताम्रपट यांचा प्रतिसाद

पायवाट यांनी शहराची ठेवण उत्तम सांगितली आहे. मुक्कामाबाबतही मी त्यांच्याशी सहमत आहे. फक्त पहिली सकाळ कालसात न घालवता राजवाड्यात घालवावी, असे मी म्हणेन. ज्या थरावर बाकीचे थर चढले तो आधी डोळ्यांखालून गेलेला बरा.

‘अरब-नॉर्मन’ या शब्दाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण त्याचा फार गोड अर्थ लावण्याची पद्धत पडली आहे. अरबांनी ८३१ मध्ये पालेर्मो घेतले आणि ते बेटाची राजधानी म्हणून वाढवले. १०७२ मध्ये उत्तर फ्रान्समधून आलेल्या नॉर्मनांनी ते जिंकले. ११३० च्या नाताळात राज्याभिषेक झालेल्या रॉजर दुसरा या नॉर्मन राजाच्या दरबारात लॅटिन, ग्रीक आणि अरबी या तिन्ही भाषांत कारभार चालत असे. त्याच्या राजवाड्यातील कापेल्ला पालातीना हे प्रार्थनागृह ११३२ मध्ये सुरू झाले आणि ११४० मध्ये त्याचे विधिवत अर्पण झाले. त्याची आखणी लॅटिन चर्चची, भिंतींवरचे सोनेरी मोझेक, म्हणजे बारीक रंगीत तुकड्यांची चित्रे, बायझँटाइन (पूर्व रोमन साम्राज्यातल्या) हातांची आणि डोक्यावरचे लाकडी छत मुस्लिम कारागिरांचे. ‘मुकर्नस’ म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्यासारखे एकात एक गुंफलेले कोनाडे, आणि त्या प्रत्येक कोनाड्यात रंगवलेले काहीतरी आहे: वादक, पेला हाती घेतलेले दरबारी, नर्तकी, बुद्धिबळाचा पट मांडून बसलेली माणसे. चर्चच्या छतावर दरबारी करमणूक चालली आहे, आणि खाली उभ्या माणसाला ती नुसत्या डोळ्यांनी नीट दिसत नाही. लहान दुर्बीण न्या. प्रार्थनागृहाबाहेर राजवाड्यात ११४२ च्या जलघड्याळाचा शिलालेख आहे. तो तिन्ही भाषांत कोरलेला असून तिथे थांबणारे पर्यटक फार थोडे असतात. याच राजवाड्यात सिसिलीची प्रादेशिक विधानसभा भरते, म्हणून कामकाजाच्या दिवशी राजदालने पाहायला मिळत नाहीत. दिवस निवडताना याची खात्री करून घ्यावी. जाता जाता सांगतो, याच इमारतीच्या माथ्यावरील वेधशाळेतून जुझेप्पे पियात्सी या खगोलशास्त्रज्ञाने १ जानेवारी १८०१ रोजी सेरेस हा पहिला लघुग्रह शोधला.

युनेस्कोने २०१५ मध्ये पालेर्मो, चेफालू आणि मोनरेआले येथील नऊ वास्तूंना मिळून जागतिक वारशाचा दर्जा दिला. तेव्हापासून या वास्तू म्हणजे तीन धर्मांच्या गुण्यागोविंदाने नांदण्याची साक्ष, असे सर्रास सांगितले जाते. मला ते अर्धसत्य वाटते. राजाला उत्तम कारागीर हवे होते आणि भूमध्य समुद्राच्या दोन्ही काठांवर आपला रुबाब दिसायला हवा होता, म्हणून ही शैली घडली. ज्यांच्या हातांनी छत रंगवले, त्यांच्या धर्मबांधवांना पुढचा राजा फ्रेडरिक दुसरा याने १२२० च्या दशकापासून बेटावरून हलवून इटलीच्या मुख्य भूमीवरील लुचेरा येथे नेऊन वसवले, आणि यहुद्यांना १४९२ च्या स्पॅनिश फर्मानानंतर बेट सोडावे लागले. आज जुन्या यहुदी वस्तीतील गल्ल्यांच्या पाट्या इटालियन, हिब्रू आणि अरबी अशा तीन लिपींत लावलेल्या दिसतात. त्या वाचताना हा इतिहासही आठवावा.

आता तुमच्या दर्शनी भिंतीच्या प्रश्नाकडे येतो. पियात्सा बेल्लीनीत दोन चर्चे शेजारी-शेजारी उभी आहेत. एक सांता मारिया देल्ल’आम्मिरालिओ, म्हणजेच मार्तोराना. ते रॉजरचा नौसेनापती, अँटिऑकचा जॉर्ज याने ११४३ च्या सुमारास पूर्ण केले. पुढे ते शेजारच्या मठातील जोगिणींकडे गेले. त्यांनी सतराव्या शतकात मूळचे मधले अर्धगोल गर्भस्थान पाडून संगमरवराने मढवलेले नवे बांधले आणि बाहेरूनही बरोक, म्हणजे त्या काळच्या भरगच्च नक्षीदार शैलीचा, साज चढवला. म्हणून दारात सतरावे शतक भेटते आणि चार पावलांवर बारावे. आतल्या एका मोझेकमध्ये खुद्द ख्रिस्त रॉजरच्या मस्तकी मुकुट ठेवत आहे आणि दोघांचे चेहरे मुद्दाम सारखे काढले आहेत. पोपच्या मध्यस्थीशिवाय मिळालेले राज्य असे सांगायचे, तर याहून उघड काय करणार? दुसरे चर्च सान काताल्दो, तीन तांबड्या घुमटांचे. त्यात अठराव्या शतकाच्या अखेरीस टपाल कचेरी थाटली गेली होती, आणि १८८० च्या दशकात जुझेप्पे पात्रिकोलो याने नंतरची सगळी भर उतरवून ते ‘मूळ’ रूपात आणले. घुमटांचा आजचा ठसठशीत तांबडा रंग त्याच जीर्णोद्धारातला आहे. मार्तोरानात सगळ्या शतकांनी आपापला हात फिरवला, सान काताल्दोत एकोणिसाव्या शतकाने बाकीच्यांचा हात पुसला. दोन्ही एकाच फेरीत पाहिलीत तर जुनी वास्तू जपायची म्हणजे तिचे कोणते वय जपायचे, यावर यजमानांशी रात्रभर वाद घालता येईल.

शहराबाहेरच्या बाजूला झीझा हा उन्हाळी महालही चुकवू नका. रॉजरचा मुलगा विल्यम पहिला याने ११६५ च्या सुमारास तो सुरू केला. समुद्राकडून येणारा वारा पुढच्या पाण्यावरून आणि मधल्या दालनातील कारंज्यावरून फिरून आत यावा, अशी त्याची योजना आहे. खोल्या बहुतेक रिकाम्या आहेत, पण भिंतींची जाडी आणि वाऱ्याच्या वाटा पाहायला रिकाम्या खोल्याच सोयीच्या पडतात.

चवीढवी यांचा प्रतिसाद

आबाळ होणार नाही, पण सावध राहावे लागेल. पानेल्ले, म्हणजे हरभऱ्याच्या पिठाच्या पातळ तळलेल्या वड्या, तिळाच्या पावात घालून वर लिंबू पिळून देतात. या तुमच्या रोजच्या आधाराला पुरतील. बटाट्याचे क्रोक्केही चालतील. काळ्या वांग्यांची आंबटगोड कापोनाता बहुधा शाकाहारी असते. वरकरणी निरुपद्रवी दिसणाऱ्या काही पदार्थांत मात्र गफलत होते. स्फिंचोने या जाड, मऊ पावावरच्या कांदा-टोमॅटोच्या थरात खारवलेले अँचोव्ही मासे विरघळवलेले असतात आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. ‘लोण्याची’ आरांचीना, म्हणजे सारण भरून तळलेला भाताचा गोळा, ऐकायला सात्त्विक वाटते, पण तिच्यात बहुधा डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. पालकाची मिळाली तर तिच्यातही काय घातले आहे ते विचारून घ्यावे. कान्नोली या गोड पदार्थाची कुरकुरीत नळी परंपरेने डुकराच्या चरबीच्या मोहनाने करतात. ‘सेंत्सा कार्ने, सेंत्सा आच्चुगे, सेंत्सा स्त्रुत्तो’, म्हणजे मांस नको, अँचोव्ही नको, चरबी नको, एवढे पाठ करून जा. चीजमधील प्राणिज विरजणाबाबत काटेकोर असाल तर बहुतेक जुन्या स्थानिक चीजवर पाणी सोडावे लागेल.

गोडासाठी पियात्सा बेल्लीनीतच सांता कातेरीनाच्या जुन्या मठाच्या आवारात मिठाईचे दुकान आहे. तिथे वेगवेगळ्या मठांतील जोगिणींच्या जुन्या कृतींनी पदार्थ बनवतात. बदाम आणि साखरेची, फळांच्या आकाराची मार्तोराना मिठाई तिथे घ्या आणि मठाच्या चौकातल्या बाकावर बसून खा. आजूबाजूच्या रंगीत टाइल्स पाहत तास सहज जातो.

दीर्घिका यांचा पुढील प्रश्न

आपणां सर्वांचे मनःपूर्वक आभार. ताम्रपट यांच्या प्रतिसादावर इथे आतापासूनच वाद सुरू झाला आहे. कालसात लिफ्ट असलेली खोली मिळते आहे. आता तीन शंका उरल्या. मोनरेआलेचे कॅथेड्रल आणि सेर्पोत्ता या शिल्पकाराने सजवलेली प्रार्थनागृहे यांपैकी एकाला अर्धा दिवस द्यायचा असेल तर कशाला द्यावा? माफियाचा विषय स्थानिकांशी बोलताना काढावा की टाळावा? आणि जुलैतला सांता रोझालिया या संत स्त्रीचा उत्सव आम्हांला पाहायला मिळणार नाही, तर ऑक्टोबरमध्ये त्या लोकश्रद्धेचे काही दर्शन घडू शकते का?

निळी खिडकी यांचा प्रतिसाद

दीर्घिकाताई, मोनरेआलेची थोरवी निर्विवाद आहे. विल्यम दुसरा याने ११७० च्या दशकात उभारलेल्या त्या कॅथेड्रलमध्ये सहा हजार चौरस मीटरहून अधिक मोझेक आहेत, आणि शेजारच्या ओवऱ्यांच्या चौकात दोनशेहून अधिक नाजूक खांबांचे माथे वेगवेगळ्या कोरीव कामांनी सजलेले आहेत. राजवाड्याजवळच्या पियात्सा इंदिपेन्देन्त्सातून शहर बस वर जाते, त्यामुळे गुडघ्यांना त्रास नाही. तरीही तुमचा हेतू मोहल्ले समजून घेण्याचा असेल, तर मी सेर्पोत्ताच्या बाजूने कौल देईन. मोनरेआले हे राजाने बांधले. जाकोमो सेर्पोत्ता (१६५६–१७३२) याने मात्र व्यापारी आणि कारागीर यांच्या भक्तमंडळांची छोटी प्रार्थनागृहे सजवली, आणि ती लोज्जा आणि कालसाच्या गल्ल्यांत अशी दडली आहेत की बाहेरून काहीच कळत नाही.

त्याचे माध्यम चुनेगच्ची. चुन्यात संगमरवराची पूड मिसळून शेवटचा थर असा घोटायचा की साधा गिलावा दगडासारखा तकाकतो. सांता चीताच्या प्रार्थनागृहात प्रवेशाच्या भिंतीवर त्याने चुन्याचा एक प्रचंड पडदा सोडला आहे, चुणीदार आणि ठिकठिकाणी बाळदूतांनी ओढून धरलेला. त्या पडद्यावर १५७१ च्या, ख्रिस्ती आरमाराने तुर्कांना हरवलेल्या लेपान्तोच्या नौकायुद्धाचा देखावा बोटभर उंचीच्या जहाजांसह कोरला आहे. खाली दोन मुलगे बसले आहेत, एक जिंकलेल्या बाजूचा आणि एक हरलेल्या बाजूचा. विजयाचे स्मारक म्हणून घडवलेल्या भिंतीवर दोघेही सारखेच खिन्न का दिसतात, याचे उत्तर मला आजवर कुणी दिलेले नाही. जवळच रोझारिओ दी सान दोमेनिकोच्या प्रार्थनागृहात वेदीवर व्हॅन डाइकचे चित्र आहे, आणि एका खांबावर सेर्पोत्ताने सरडा काढून ठेवला आहे. ती त्याची सही मानतात. कालसातल्या सान लोरेन्त्सोच्या प्रार्थनागृहातही त्याचेच काम आहे. तिथल्या वेदीवरचे काराव्हाज्योचे चित्र ऑक्टोबर १९६९ मध्ये चोरांनी चौकटीतून कापून नेले आणि ते अजून सापडलेले नाही. २०१५ पासून त्या जागी अत्याधुनिक तंत्राने केलेली प्रतिकृती आहे. प्रतिकृती चांगली आहे, पण मला रिकामी चौकट अधिक प्रामाणिक वाटली असती.

माफियाबद्दल. विषय टाळण्याची गरज नाही. काढण्याची रीत महत्त्वाची. टोपी आणि बंदूक छापलेले चुंबक आणि अंगरखे पर्यटकांच्या दुकानांत लटकत असतात, ते विकत घेऊ नयेत आणि सिनेमातले संवाद म्हणून दाखवू नयेत. तिथल्या बहुतेकांना १९९२ साल आठवते. त्या वर्षी मे महिन्यात न्यायाधीश जोव्हान्नी फाल्कोने आणि जुलैत पाओलो बोर्सेल्लिनो यांची बॉम्बस्फोटात हत्या झाली. दोघांचेही बालपण कालसात गेले, म्हणजे तुम्ही त्यांच्याच मोहल्ल्यात राहणार आहात. शहराच्या विमानतळाला त्यांची नावे आहेत आणि जुन्या बंदराजवळ एका इमारतीवर दोघांचे हसरे भित्तिचित्र आहे. दुकानांच्या दारांवर ‘आद्दिओपित्सो’ असे लिहिलेले चिकटपत्र दिसले तर त्याचा अर्थ असा की, हा दुकानदार खंडणी देत नाही असे जाहीरपणे सांगतो. ही चळवळ २००४ मध्ये काही तरुणांनी सुरू केली. खरेदी अशा दुकानांतून केलीत तर प्रश्न विचारण्याआधीच बोलणे सुरू होते. २०१६ मध्ये माक्वेदा रस्त्यावरच्या बांगलादेशी दुकानदारांनी खंडणीखोरांविरुद्ध पोलिसांकडे तक्रारी केल्या आणि अटका झाल्या, हेही लोक सांगतील.

यजमानांच्या स्थापत्याच्या आवडीलाही हा विषय भिडतो. १९५० आणि ६० च्या दशकांत राजकारणी, कंत्राटदार आणि माफिया यांच्या संगनमताने उत्तरेकडच्या बागा व बंगले पाडून सिमेंटचे ठोकळे उभारण्यात आले. त्याला ‘पालेर्मोची लूट’ म्हणतात. एर्नेस्तो बाझिले याने विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेला व्हिल्ला देलिएल्ला १९५९ मध्ये पाडला गेला, आणि ती जागा पुढे दशकानुदशके वाहनतळ म्हणून वापरात राहिली. त्याच बाझिलेचा विल्लीनो फ्लोरिओ मात्र दुरुस्त होऊन उभा आहे. दोन्ही ठिकाणे एका सकाळी पाहून होतात. जवळच्या तेआत्रो मास्सिमोची रचना त्याच्या वडिलांची. १८९७ मध्ये उघडलेले हे ऑपेरागृह १९७४ मध्ये दुरुस्तीसाठी म्हणून बंद झाले ते थेट १९९७ मध्ये उघडले. त्यावरून त्या काळच्या कारभाराची कल्पना यावी.

बाल्लारोत सकाळी नऊ-दहाच्या सुमारास जावे. ‘आब्बान्नियाता’ म्हणजे विक्रेत्यांची लांब हेल काढून दिलेली आरोळी तेव्हा ऐन रंगात असते. या मोहल्ल्यात आता बांगलादेश, घाना, नायजेरिया अशा अनेक देशांतील कुटुंबे राहतात, त्यामुळे स्थानिक वांग्यांच्या शेजारी भेंडी आणि हिरव्या मिरच्या मांडलेल्या दिसतात. छायाचित्र घ्यायचे तर आधी काहीतरी विकत घ्यावे, मग विचारावे. सहसा कुणी नाही म्हणत नाही.

सांता रोझालियाचे दर्शन तुम्हाला ऑक्टोबरमध्येही घडेल. १६२४ च्या प्लेगमध्ये मोंते पेल्लेग्रीनो डोंगरावर तिच्या अस्थी सापडल्या आणि त्या शहरातून मिरवल्यावर साथ ओसरली, अशी श्रद्धा आहे. १४ जुलैच्या रात्रीचा रथोत्सव आणि ४ सप्टेंबरची डोंगरावरची पायी यात्रा ही तिची मुख्य निमित्ते, पण डोंगरातल्या गुहेतले मंदिर वर्षभर खुले असते. गुहेच्या छतातून पाणी ठिबकते आणि ते धरण्यासाठी वरून जस्ताच्या पन्हळी फिरवल्या आहेत. भक्तांनी वाहिलेल्या चांदीच्या हात, पाय, हृदय, डोळे अशा प्रतिमांनी भिंती भरल्या आहेत. श्रीलंकेतून आलेल्या तमिळ हिंदूंचीही या संत कन्येवर मोठी श्रद्धा आहे आणि रविवारी त्यांची कुटुंबे वर येतात. कुणी चप्पल बाहेर काढून आत जाताना दिसले तर नवल वाटू देऊ नका. जुनी फरसबंद पायवाट यजमानांनी टाळावी. पोलितेआमा नाट्यगृहाच्या परिसरातून बस थेट मंदिराच्या पायऱ्यांपर्यंत जाते. तिकीट तंबाखूच्या दुकानातून आधीच घ्या आणि परतीच्या बसची वेळ उतरतानाच चालकाला विचारून ठेवा, कारण रविवारी फेऱ्या विरळ असतात.